कुरळ्या पालकाची फाइल

शनिवार, ९ ऑगस्ट

आजपासून लिहून ठेवायचं. विमा कंपनीत दावे तपासण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. संशय आला त्या दिवसापासून तारीखवार नोंद नसेल तर पुढे आपल्यालाच कोणी विचारत नाही, एवढं तर तिथे शिकलेच.

आईची हिरवळ गेली. बाबांच्या घरामागे चिकूच्या झाडापासून कुंपणापर्यंत आईनं स्वतः लावलेली हिरवळ होती, कडेला गुलाबाची सात झाडं होती. आज दुपारी गेले तर सगळं खणून काढलेलं. गुलाबांच्या जागी सात खड्डे. त्या मातीत वीतभर लांबीच्या काड्या तिरप्या खोचून ठेवलेल्या, शाळेच्या कवायतीसारख्या रांगेत.

हे काय, म्हणून विचारलं. बाई म्हणाली, कुरळा पालक. पालकाशी त्याचं काही नातं नाही म्हणे, पान कुरळं आणि हिरवंगार असतं म्हणून नर्सरीत तसं म्हणतात. दहा दिवसांत मुळं धरतो, मग जमिनीवर पसरत जातो, जिथे पेर मातीला टेकेल तिथे पुन्हा मूळ फुटतं. बी धरत नाही, नुसता पसरतो. हे सांगताना तिला फार आनंद होत होता.

ही बाई म्हणजे बाबांची बायको. आईला जाऊन तीन वर्षं झाली. फेब्रुवारीत बाबांनी मला फोन करून सांगितलं की परवा लग्न केलं. बाबा बाहत्तर, बाई एकसष्ट. आयुष्यभर एका रोपवाटिकेत कामाला होती. माझ्याशी अहो-जाहो करते, मीही करते. एका वर्षात मला दोन नवे पालक मिळाले, एक घरात आणि एक वाफ्यात. दोघंही नुसते पसरत चाललेत.

गुलाब का काढले विचारलं तर बाबांनीच उत्तर दिलं, "काटे लागायचे गं." चाळीस वर्षं लागले नाहीत.

रविवार, १० ऑगस्ट

काल लिहायचं राहिलं. बोलताना बाबा माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या कानाच्या बाजूनं खिडकीकडे बघत बोलतात. पूर्वी असं नव्हतं. खोटा दावा करणारा माणूस हमखास नजर चुकवतो, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते.

बाबांना नजर का चुकवावी लागते आहे?

बुधवार, १३ ऑगस्ट

ऑफिसातून परस्पर तिकडे गेले, न सांगता. फाटकातून आत शिरले तेव्हा बाबा समोरच ओट्यावर बसले होते, दहा पावलांवर. मी हात केला. ओळख दिली नाही. आतून बाई आली आणि म्हणाली, "अहो, ताई आल्यात." तेव्हा कुठे चेहरा उजळला आणि उठून उभे राहिले. म्हणजे तिनं सांगितल्याशिवाय मुलीला ओळखही दाखवायची नाही, इथपर्यंत मजल गेलीय.

घरातले बदल टिपून घेतले. बाबांचं नकाशे काढायचं मोठं टेबल नाही. कुठल्याशा शाळेला देऊन टाकलं. बैठकीतला गालिचा नाही. स्वयंपाकघरात उतरायच्या पायरीला तिनं पिवळ्याधमक रंगाचा पट्टा ओढलाय. घर आहे की बसस्थानक. बाबांना भात काळ्या ताटलीत वाढते. आईची पांढरी ताटं कुठे आहेत विचारलं तर म्हणाली, वर ठेवलीत, जपून.

जेवून जा म्हणत होती. तीनदा म्हणाली. एवढा आग्रह कशाला ते कळेना. जेवले नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

आज अर्धी रजा टाकली. गेल्या महिन्यात बाबांना एका मंगळवारी फोन केला होता तर म्हणाले, बाहेर आहोत. त्याच्या आधीही असाच एक मंगळवार झाला होता. म्हणून आज सकाळीच त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले.

साडेदहाला दोघं निघाले. बाई बाबांच्या दंडाला धरून चालत होती, नव्या नवरीसारखी. कोपऱ्यावर ते रिक्षात बसले, मीही मागून रिक्षा केली. बाजारपेठेच्या पलीकडे एका तीन मजली इमारतीत शिरले. इमारतीवरच्या पाट्या उतरवून घेतल्या. तळमजल्यावर मालमत्ता नोंदणी कार्यालय. पहिल्या मजल्यावर चष्म्याचं दुकान आणि नेत्रतज्ज्ञ. दुसऱ्यावर टायपिंगची शिकवणी.

तळमजल्याला मी लाल पेनानं गोल केला.

आत गेले नाही, कारण नोंदणी कार्यालयातला शिपाई मला कामामुळे ओळखतो. पावणेदोन तास लागले त्यांना. बाहेर आले तेव्हा बाबांनी गॉगल लावला होता. बाबांनी उभ्या आयुष्यात गॉगल लावला नाही. तोंड लपवण्यासारखं काय करून आले असतील?

शनिवार, २३ ऑगस्ट

काड्यांना पाला फुटलाय. खरं सांगायचं तर दिसायला देखणा आहे. इस्त्री न केलेल्या कापडासारखी चुरगळलेली पानं, वर चकाकी. बाई शेंडे खुडते. म्हणते, वरून खुडलं की बाजूनं दोन फुटतात. सकाळी उठून गोगलगायी वेचून डब्यात भरते आणि नाल्यापलीकडे सोडून येते. मारत नाही. ह्या असल्या मऊपणानंच माणूस फसतो.

आज स्वयंपाकघरात मुद्दाम उभी राहिले. तिनं जुन्या रोपवाटिकेतून आणलेला पाला उकळत्या पाण्यात टाकला, पाच मिनिटांनी गाळला आणि हिरवं पाणी मोरीत ओतलं. सगळं सत्त्व गेलं की, म्हटलं. तर म्हणाली, "ते पाणी पोटात नको जायला." आणि पाला पिळायला लागली.

का नको? पोटात जायला नको असं त्यात काय आहे? आणि असं काही असेल तर बाबांना ती ते रोज का घालते? डाळीत तेच, अंड्यात तेच, कणकेत तेच.

बाबांच्या कपाटात कागद होते. ती अंगणात असताना उघडून बघितलं. वरचाच कागद हाती लागला, कसलातरी संमतीचा छापील फॉर्म, खाली बाबांची सही. बाबांची सही म्हणजे नकाशावरच्या अक्षरासारखी रेखीव. ही ओळीच्या खाली घसरलेली, शेवटचं अक्षर कागदाबाहेर जाता जाता राहिलं होतं. दबावाखाली केलेली सही अशीच असते. फॉर्म वाचणार तोच तिच्या चपलांचा आवाज आला.

इथे स्पष्टच लिहिते. ही बाई घर खाणार आहे. आधी आईची माती खाल्ली, आता उरलेलं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

पिशवीत लपवून आणलेली मूठभर पानं घेऊन वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे गेले. जुन्या एका दाव्यात ते तज्ज्ञ म्हणून आले होते. विष आहे का, एवढंच विचारलं. त्यांनी पान चुरडलं, वास घेतला, पुस्तक काढलं. खायचं आहे म्हणाले, कितीतरी देशांत खातात. कच्चं फार खाऊ नये, मूतखड्याला निमित्त होऊ शकतं. उकळून पाणी फेकून द्यायचं.

पाणी फेकतेच ती, मी म्हटलं.

मग बाईंना माहिती आहे चांगली, असं म्हणून त्यांनी दोन काड्या मिळतील का विचारलं. त्यांच्या जिन्याखाली सावलीत काही येत नाही म्हणे.

म्हणजे पाल्यात काही नाही. पण एका बाबतीत माणूस सरळ वागला म्हणजे बाकीचं सरळ ठरत नाही.

रविवार, ७ सप्टेंबर

पाला आता पुढच्या अंगणातही आला. फाटकापासून घराच्या दारापर्यंत फरशीच्या वाटेच्या दोन्ही कडांना तिनं रोपवाटिकेतली वाढलेली रोपं आणून सलग लावलाय, मध्ये बोटभर जागा न सोडता. एवढ्यात गच्च झालाय. दोन गडद हिरवे पट्टे आणि मध्ये धुऊन पांढरी केलेली फरशी. शोभेसाठी म्हणावं तर इतर कुठे शोभेचं काही नाही.

बाबा फाटकापर्यंत सोडायला आले. खाली न बघता, मान ताठ, त्या दोन पट्ट्यांच्या मधून परेडला निघाल्यासारखे. मार्चमध्ये याच वाटेवर पडले होते, तेव्हा आठवडाभर लंगडत होते. तब्येत सुधारलीय हे मान्य करावं लागेल. वजनही वाढलंय.

फाटकाशी मी त्यांना हळूच विचारलं, बाबा, सगळं ठीक ना? ते माझ्या खांद्यावरून पलीकडच्या खांबाकडे बघत हसले. म्हणाले, "तू बारीक झालीस का गं? आवाजावरून तसं वाटतं."

आवाजावरून. समोर उभी असताना.

मंगळवार, १६ सप्टेंबर

पुन्हा मंगळवार. बरोबर चार आठवडे. आज साहेबांनी रजा दिली नाही. अकराला बाबांच्या घरी फोन केला, कोणी उचलला नाही. दिवसभर एक फाइल उघडून बसले होते, कुणाच्या दुकानाला आग लागली त्याची. एक ओळ वाचली नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

बाईच्या देखत बाबा मोकळं बोलणार नाहीत, म्हणून चिठ्ठी लिहून नेली. मोठ्या स्वच्छ अक्षरात. मजकूर इथे उतरवून ठेवते.

"बाबा, तुम्हाला इथे त्रास होतोय का? काही बोलू नका. होत असेल तर उद्या मला फोन करा आणि 'पाला छान झाला होता' एवढंच म्हणा. मी लगेच न्यायला येते."

वाक्य असं निवडलं की बाई शेजारी उभी असली तरी तिला शंका येऊ नये.

ती दुपारी काड्यांची जुडी बांधायला मागे गेली तेव्हा चिठ्ठी बाबांच्या हातात दिली. त्यांनी घेतली, उलगडलीसुद्धा नाही. दाराकडे बघत ती शर्टाच्या खिशात घातली आणि म्हणाले, "बरं बरं." किती सावधपणे. मला भरून आलं. स्वतःच्या घरात माणसाला असं वागावं लागतं.

रविवार, २१ सप्टेंबर

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी नऊला बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, काल तू न जेवता गेलीस, वाईट वाटलं तिला. पाला छान झाला होता.

मी टॅक्सी करून पंचवीस मिनिटांत पोचले. टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं. बाबा मागे होते, चिकूखाली पाटावर बसून पाला खुडत. मी सरळ आतल्या खोलीत गेले, त्यांची बॅग काढली, कपाटातले सदरे भरले. बाई दारात येऊन उभी राहिली.  मीच म्हटलं की बाबांना घेऊन जातेय, तुम्हाला जे काही सांगायचं ते वकिलाला सांगा.

ती मागे गेली आणि बाबांना घेऊन आली. बाबांना काही उमजेना. कुणी आजारी आहे का, म्हणून विचारायला लागले.

"तुम्हीच बोलावलंत," मी म्हटलं. "चिठ्ठीत लिहिलं होतं ते म्हणालात की फोनवर."

"कसली चिठ्ठी?"

त्यांनी खिसा चाचपला. कालचाच शर्ट होता. चिठ्ठी निघाली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. म्हणाले, मला वाटलं तुझ्या औषधाची पावती असेल, ठेवायला दिलीस.

मी उलगडून त्यांच्या हातात दिली आणि वाचा म्हटलं. तूच वाच, म्हणाले. मी म्हटलं, नाही, बाबा, तुम्ही वाचा. माझा आवाज चढला होता. त्यांनी कागद धरला. बराच वेळ धरला. बाई हळूच म्हणाली, "अहो, आता सांगा. मी किती दिवस म्हणतेय."

"नाही वाचता येत, बाळ," बाबा म्हणाले. "सव्वा वर्ष झालं."

मग उभ्या उभ्याच सांगितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे. नजरेच्या मधोमध डाग येतो, तो मोठा होत जातो. समोरचं जातं, कडेचं राहतं. दर चार आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घेतात, आणखी वाढू नये म्हणून. गेलेलं परत येत नाही.

 एकोणीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यावरचं वाचायचं काम केलंय. मी म्हटलं, म्हणून तुम्ही माझ्याकडे बघत नाही?

"अगं, तुझ्याकडेच बघतो," ते म्हणाले. "सरळ बघितलं की तू नाहीशी होतेस. जरा बाजूला बघितलं की कडेला येतेस. खिडकीकडे बघतो तेव्हा मी तुलाच बघत असतो."

टॅक्सीवाला फाटकातून हाका मारत होता. बाईनं जाऊन त्याला परत पाठवलं आणि पाल्याची एक जुडीही दिली. उकळून पाणी फेकायचं, असं त्याला बजावताना मला ऐकू येत होतं. मी बॅगेतून सदरे काढून एकेक करून पुन्हा कपाटात लावत होते.

जेवायला थांबले. कुणी आग्रह केला नाही तरी.

सोमवार, २२ सप्टेंबर

ऑफिसला गेले नाही. लाल गोल केलेलं पान उघडून बसले. पाटीवर नेत्रतज्ज्ञ लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

काल बाकीचंही कळलं. आईच्या गुलाबांवर कीड पडली तेव्हा बाबा रोपवाटिकेत औषध आणायला गेले होते. बाटलीवरचं वाचता येईना. तिथे कामाला असलेल्या बाईनं वाचून दाखवलं, मग विचारलं की डॉक्टरांना दाखवलंत का. पहिल्यांदा दवाखान्यात तीच घेऊन गेली. म्हणजे लग्नाच्या आधीपासून तिला सगळं माहीत होतं. आणि वाटेच्या कडांना पाला तिनं का लावला हे मी विचारायच्या आधी बाबांनीच सांगितलं. नजर सरळ ठेवली की दोन्ही बाजूंना दोन काळसर पट्टे दिसतात, त्यांच्या मधून चाललं की पडायला होत नाही. गवत फिकट, फरशीत मिसळून जायचं. हा पाला बारा महिने गडद राहतो.

मला का नाही सांगितलं, हे मी बाबांना विचारलं होतं. उत्तर काल लिहायचं टाळलं. आज लिहिते.

ते म्हणाले, "तुझ्या आईच्या आजारात तू तिची फाइल केलीस. हॉस्पिटलची बिलं, औषधांच्या तारखा, कोण डॉक्टर काय चुकला. आठ महिने. ती म्हणायची, पोर येते ती कागद तपासून जाते. मला फाइल व्हायचं नव्हतं गं."

बाई मध्ये म्हणाली, असं नाही बोलायचं, त्यांनी काळजीपोटीच केलं. तिनं माझी बाजू घेतलेली मला आवडली नाही. अजूनही लिहिताना आवडत नाहीये.

मी त्यांना सांगितलं की मी वही लिहिते आहे, ऑगस्टपासून. कशाची, विचारलं. तुमचीच, म्हटलं. बाबा म्हणाले, रविवारी घेऊन ये. वाचून दाखव.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

मला हवी ती पानं गाळता येतील. बाबांना दिसणार नाही आणि बाई विचारणार नाही. २३ ऑगस्टची शेवटची दोन वाक्यं तरी गाळावीत. किंवा सगळंच नव्यानं लिहावं, वही काय, बाजारात मिळते.

असल्या वह्या मी ओळखते. एका शाईत, एका बैठकीत लिहिलेल्या. मी त्या नामंजूर करते.

रविवार, २८ सप्टेंबर

वाचली. सगळी.

दुपारी मागच्या अंगणात बसलो. बाई पाला निवडत होती. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. दोन पालकांवर बाबा मोठ्यानं हसले, बाईही हसली. गोगलगायींचं आलं तेव्हा ती म्हणाली, नाल्यापलीकडून त्या परत येतात, मला माहीत आहे. घर खाणार आहे हे वाक्य आलं आणि मी वहीत बोट घालून थांबले. तिचे हात थांबले नाहीत. "पाणी देऊ का?" म्हणाली. मी नको म्हटलं आणि ते वाक्य वाचलं. तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. म्हणाली, मी तुमच्या जागी असते तर मलाही वाटलं असतं, फक्त मला एवढं चांगलं लिहिता आलं नसतं. हे ती मनापासून बोलली की टोमणा होता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटचं पान संपलं. बाबांनी वही मागून घेतली, तिची जाडी चाचपली.

मग म्हणाले, "छान लिहितेस. पण सात आठवडे माझ्या काळजीनं लिहिलंस ना? यात तीच आहे सगळी. ती काय करते, ती काय फेकते, ती काय लपवते. मी कुठे आहे? मी नुसता पुरावा आहे यात."

 बाई आत भांडं ठेवायला गेली ती लवकर आलीच नाही.

म्हणून आज तिच्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

बाबा. चिकूच्या सावलीत पाटावर बसतात, उजवा पाय लांब करून, कारण तो गुडघा वाकत नाही. मला हे माहीत नव्हतं. डावा तळवा पाल्यावरून फिरवत नेतात, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. कोवळा शेंडा लागला की अंगठ्याच्या नखानं खुडतात. नख हिरवं झालंय. मध्येच एखादं रानगवत लागतं. त्याचं पान गुळगुळीत, हे कुरळं, त्यामुळे चूक होत नाही. गवत डाव्या हाताला फेकतात, पाला मांडीवरच्या टोपलीत. तासाभरात टोपली भरली, त्यात गवताची एक काडी नव्हती. मी बघितलं. खुडताना ओठ हलत असतात, मोजत असावेत. कानामागे हाडाजवळ मांस उरलेलं नाही. दाढी स्वतः करतात, हनुवटीखाली थोडी राहते.

मी त्यांच्या अगदी समोर बसले होते. लक्षात आलं तशी उठले आणि दोन हात उजवीकडे सरकून बसले.

बाबा मान न वळवता, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "हं. बारीक झालीयेस."